जॉब डिस्क्रिप्शन लिहिण्याआधी काम बघायला कोण जातं?

वारणाकाठ

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी भागातल्या लहान-मध्यम कारखान्यांना मी मनुष्यबळाच्या कामात मदत करते. एखाद्या पदावर माणूस टिकत नाही, नवा घेतला तरी काही महिन्यांत जागा पुन्हा रिकामी, अशा वेळी बोलावणं येतं. मी आधी त्या पदाचं जॉब डिस्क्रिप्शन, म्हणजे कामाचं लेखी वर्णन, मागते. हातात येणारा कागद बहुतेक वेळा नेटवरून उतरवलेला असतो. ‘उत्तम संवादकौशल्य’, ‘दबावाखाली काम करण्याची तयारी’, ‘वरिष्ठ सांगतील ती इतर कामे’. त्या जागेवरचा माणूस पाळी सुरू झाल्यावर पहिल्या तासात काय करतो, कोणासाठी अडून राहतो, त्याची चूक त्याला कधी कळते, यातलं एक अक्षर त्यात नसतं.

हे शोधणं म्हणजे जॉब अॅनालिसिस. उभं राहून बघणं, बोलणं, रोजनिशी ठेवायला सांगणं, प्रश्नावली भरून घेणं असे त्याचे मार्ग आहेत. मॅककॉर्मिक यांची पीएक्यू (पोझिशन अॅनालिसिस क्वेश्चनेअर) ही प्रश्नावली तर १९४ मुद्द्यांची आहे. मला सगळ्यात उपयोगी पडते ती जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये मांडलेली क्रिटिकल इन्सिडेंटची रीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलासाठी केलेल्या अभ्यासातून ती आली. ‘तुमच्या जबाबदाऱ्या सांगा’ म्हटलं की माणूस साहेबाला आवडेल ते सांगतो. ‘अलीकडे काम पार बिघडलं असा एखादा प्रसंग सांगा, तुम्ही त्या वेळी काय केलंत?’ असं विचारलं की खरं काम बाहेर येतं.

पण नुसता कागद सुधारूनही भागत नाही, कारण कधी कधी कामाची वाटणीच चुकलेली असते. याचं आपल्या शेजारचं उदाहरण अहमदाबादच्या कॅलिको मिलचं आहे. व्यवस्थापनाच्या अभ्यासात ते जगभर गाजलं, माझ्या एमबीएच्या वर्गात मात्र कधी निघालं नाही.

१९५२ मध्ये कॅलिकोच्या जुबिली मिलमध्ये ऑटोमॅटिक माग बसले. माग २२४, कामगार २९, आणि त्या २९ जणांत कामाचे प्रकार १२. विणकर वेगळा, मागाच्या बॅटरीत आडव्या सुताच्या कांड्या भरणारा वेगळा, तुटलेली तार म्हणजे सुताचा धागा सांधणारा वेगळा, तेल घालणारा वेगळा, झाडणारा वेगळा, वर माग दुरुस्त करणारा जॉबर आणि त्याचा मदतनीस. यंत्रं नवी, माणसं अनुभवी, तरी उत्पादन अपेक्षेइतकं होईना आणि खराब कापड कमी होईना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथे सल्लागार म्हणून आले. त्यांनी कामगारांची वृत्ती तपासत बसण्याऐवजी कोणाचं काम कोणावर अवलंबून आहे हे मांडून पाहिलं.

दिसलं ते असं. विणकराकडे ठरावीक माग, कांड्या भरणाऱ्याकडे त्याहून जास्त, सांधणाऱ्याकडे आणखी जास्त, जॉबरकडे तर अर्धी शेड. म्हणजे एका विणकराचा माग थांबला की तो ज्याची वाट बघतो, तो माणूस त्या वेळी दुसऱ्याच विणकराकडे अडकलेला. माग चालू ठेवायला सगळे एकमेकांवर अवलंबून, पण कोण कोणाच्या सोबतीचा हे कुठेच ठरलेलं नाही. कापडाचा प्रकार बदलला, सुताची प्रत उतरली, हवेतला दमटपणा कमी झाला की तारा जास्त तुटत, आणि कागदावरची वाटणी तिथेच कोलमडत असे.

१९५३ मध्ये राइस यांनी सुचवलं की ठरावीक मागांचा एक संच एकाच गटाकडे द्यावा. पुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ही कल्पना कानावर पडल्यावर गटात कोण असावं याच्या याद्या कामगारांनी स्वतःच तयार करून आणल्या. ६४ मागांना सात जणांचा गट झाला आणि आतली कामं त्यांनी आपापसांत वाटून घेतली. सुरुवातीला वेग वाढला तसं खराब कापडही वाढलं. मग घडी बसली, उत्पादन चढलं आणि खराब माल घटला. माणसं तीच होती, माग तेच होते.

टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर १९७० मध्ये पुन्हा तिथे गेले. साध्या मागांच्या एका शेडमध्ये गटपद्धत तग धरून होती, ऑटोमॅटिक शेडमध्ये ती विरून गेली होती. एकदा मांडणी केली की काम संपलं असं होत नाही, सूत, बाजार, माणसं बदलतात तसं पुन्हा बघावं लागतं.

तुमच्या कामाच्या ठिकाणी असं एखादं पद आहे का, जिथे माणसाला दोष दिला जातो आणि खरी गाठ वाटणीत आहे? सविस्तर लिहा.

धोटा

ताई, इचलकरंजीचाच आहे, यंत्रमागावर जॉबर. तुमचं वाचून आमचा कारखाना डोळ्यांसमोर आला.

आमच्याकडे विणकराची मजुरी पिकावर (पीक म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी), म्हणजे जेवढं कापड विणलं तेवढे पैसे. मला मागामागे ठरलेला महिना. माग थांबला तर त्याचे पैसे बुडतात, माझे बुडत नाहीत. दोन माग एकाच वेळी बंद पडले तर मी आधी कुठे जावं? मालकाला घाईची ऑर्डर हवी असते, विणकर आपापल्या मागावर ओढतात. यातून रोज भांडण. लोक म्हणतात जॉबर माजलेत, विणकर कटकटे. मी वीस-बावीस वर्षांचा होतो तेव्हाही हेच ऐकत होतो.

आता शटललेस, म्हणजे बिनधोट्याचे, माग आले. त्यातल्या रॅपियर मागावर कांडीच नाही, त्यामुळे कांड्या भरणाऱ्या बायकांचं काम त्या कारखान्यांतून गेलं. राहिलेल्या विणकराकडे मागांची संख्या वाढली आणि धोट्याच्या मागावर हयात गेलेल्या माणसाला स्क्रीन वाचायला लावलं. त्याला कोणी शिकवलं नाही. चार वेळा चुकल्यावर ‘याला जमत नाही’ असं ठरवून टाकलं. मी म्हणतो काम बदललं, तर त्या कामाला काय काय यायला लागतं हे कुणीतरी लिहायला नको का?

लालबाग_नाका

वारणाताई, लेख आवडला, पण गिरणगावातून वाढल्यामुळे एक बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही.

मुंबईत १९२८ चा मोठा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. त्यामागच्या मोठ्या कारणांपैकी एक कामाची फेरमांडणीच होती. दोन माग चालवणाऱ्या विणकराकडे तीन माग द्यायचे, कताईतही एकेका कामगाराकडे जास्त काम द्यायचं. मालकांच्या भाषेत ती कार्यक्षमता. साळखात्यातल्या (विणाई विभागातल्या) माणसाला त्यात साधा हिशेब दिसत होता, की तिसरा माग मला मिळाला तर शेजारच्याची नोकरी गेली. आणि चांगलं सूत, नीट राखलेला माग मिळाला तरच तीन माग झेपतील, ती हमी कोण देणार? संपानंतर चौकशीसाठी नेमलेल्या फॉसेट समितीपुढे हे सगळं मांडलं गेलं.

म्हणून ‘काम समृद्ध करतो’ असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, माणसं किती कमी होणार आणि वाचलेल्या पैशातला वाटा कोणाचा? कायद्यालाही हा प्रश्न ठाऊक आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९अ होतं. सेवाशर्तींतल्या ठरावीक बाबी कामगारांना बाधक होतील अशा बदलायच्या, तर आधी नोटीस, आणि २१ दिवसांच्या आत बदल लागू करायचा नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत हीच तरतूद कलम ४० मध्ये आहे. जॉब डिझाइन, म्हणजे कामाची मांडणी, शिकवताना हे कलम पहिल्या तासाला शिकवलं पाहिजे.

वारणाकाठ

@लालबाग_नाका, अगदी मान्य. अहमदाबादला गट उभे राहिले कारण त्यांची रचना कामगारांनी केली. १९२८ ला मुंबईत फेरमांडणी वरून आली आणि तिच्यासोबत कपात आली. म्हणूनच मी काम घेण्याआधी मालकांना विचारते, की या अभ्यासातून कोणाची नोकरी जाणार नाही हे तुम्ही लेखी द्याल का? जिथे नकार मिळतो तिथे माणसं मोकळेपणाने बोलत नाहीत, आणि ते बोलले नाहीत तर माझं विश्लेषणही खोटं ठरतं.

@धोटा दादा, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. एकाच मागावरच्या दोघांची मजुरी दोन वेगळ्या रीतीने ठरत असेल, तर त्यांच्यात सहकार्य कसं यावं? यावर मालकांशी बोलताना मी तुमचं उदाहरण दिलं तर चालेल का? गाव-नाव काही सांगणार नाही.

धोटा

चालेल ताई. जरूर सांगा.

मापपट्टी

मी इंडस्ट्रियल इंजिनिअर, चाकणला. अशा चर्चांत ‘वैज्ञानिक व्यवस्थापना’चा जनक फ्रेडरिक टेलर याला खलनायक करतात म्हणून आधीच लिहितो.

बेथलेहेम स्टीलमध्ये १८९९ साली कच्च्या लोखंडाच्या लाद्या उचलण्याचं काम दिवसाला साडेबारा टनांवरून सत्तेचाळीस टनांवर नेलं, असं टेलरने लिहिलं. त्याच्या आकड्यांवर पुढे बराच वाद झाला. पण ओझं वाहणाऱ्या माणसाला मध्ये विसावा किती लागतो, फावडं केवढं हवं, याचा अभ्यास करावा हे तो सांगत होता, आणि ते आजही बरोबर आहे. बिघडलं ते त्याच्या फाळणीत. विचार करणारे एकीकडे, राबणारे दुसरीकडे.

माझा अनुभव पॅकिंग विभागाचा. तिथे पोरं टिकत नव्हती. एचआरने निष्कर्ष काढला की हल्लीच्या पोरांना कष्ट नकोत. आम्ही टेप घेऊन गेलो. भरलेली पेटी जमिनीलगतच्या पॅलेटवरून उचलायची, अंगापासून लांब धरून वळायचं आणि खांद्याच्या वर ठेवायची. अमेरिकेच्या नियॉश या कामगार-आरोग्य संस्थेच्या उचलण्याच्या सूत्रात सगळी स्थिती आदर्श असेल तेव्हाची मर्यादा २३ किलो आहे. पेटी लांब धरली, वाकावं लागलं, वळावं लागलं, वारंवार उचलावी लागली की ती मर्यादा प्रत्येक पायरीला खाली येते. आमच्या पेटीचं वजन कागदावर चालण्यासारखं होतं, पण त्या जागी, त्या उंचीला, त्या वेगाने ते अजिबात चालण्यासारखं नव्हतं. पॅलेटखाली उचलणारं टेबल बसवलं आणि रॅकचा वरचा कप्पा रिकाम्या खोक्यांना दिला. त्यानंतर पाठदुखीच्या रजा आणि सोडून जाणं, दोन्ही कमी झालं. मुलाखतीत ‘कष्टाळू’ उमेदवार शोधून हे कधीच सुटलं नसतं.

टेलरच्या विरुद्ध टोकाला स्वीडनच्या व्होल्वोने जाऊन पाहिलं. काल्मारचा कारखाना १९७४ चा, उदेवालाचा १९८९ चा. उदेवालात सरकता पट्टा नव्हता, लहान गट अख्खी गाडी जोडत. तो कारखाना १९९३ मध्ये बंद झाला, काल्मारचा त्याच्या पुढच्या वर्षी. त्यामुळे गटपद्धतीचं नुसतं कौतुक करू नये असं माझं मत आहे.

वारणाकाठ

@मापपट्टी, पॅलेटचं उदाहरण मी जपून ठेवते. उदेवालाबद्दल थोडा मतभेद आहे. कारखाना बंद होतो तेव्हा विक्री किती घसरली, कंपनीची क्षमता गरजेपेक्षा किती जास्त झाली होती, हेही मोजावं लागतं. व्होल्वोचा तो काळ मंदीचा होता. कारखाना बंद पडला म्हणजे कामाची मांडणी फसली, एवढं सरळ ते नाही.

रात्रपाळी

सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. मला तुमच्या मिलमधले बारा कामप्रकार वाचून आमचा वॉर्ड आठवला.

आमच्याकडे वर्षानुवर्षं कामानुसार वाटणी होती. एक सिस्टर सगळ्यांची इंजेक्शनं देणार, दुसरी सगळ्यांचं बीपी-टेंपरेचर घेणार, तिसरी ड्रेसिंग, चौथी कागदपत्रं आणि इंडेंट (साहित्याची मागणी). प्रत्येकीचं काम चोख. पण पाच नंबरच्या आजींनी काल रात्रीपासून काही खाल्लं नाही आणि सकाळी त्यांना इन्सुलिन दिलं गेलं, हे दोन वेगळ्या कागदांवर दोन वेगळ्या अक्षरांत. पूर्ण पेशंट कोणाच्याच डोळ्यांसमोर नाही. नातेवाईक विचारायचे, ‘आमच्या पेशंटचं कोणाला विचारायचं?’ याचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नसायचं.

मग एका इन्चार्ज सिस्टरनी दिवसपाळीत पेशंटनुसार वाटणी सुरू केली. ठरावीक खाटा माझ्या, त्यांचं सगळं मीच बघणार. साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात मारी मँथी यांनी प्रायमरी नर्सिंग उभं केलं, त्याच दिशेचं हे एक छोटं पाऊल. दमणूक तेवढीच आहे, खरं तर मनावरचा भार वाढला, कारण पेशंट बिघडला की तो ‘माझा’ असतो. पण मला परत कामानुसार वाटणीत जायचं नाही. डिस्चार्जच्या दिवशी पेशंटला घरी काय करायचं हे मी सांगू शकते, कारण तो आल्यापासून मी त्याला बघितलेलं असतं.

रात्री मात्र हे कोसळतं. दोघीच असतो आणि वॉर्ड भरलेला. तेव्हा आपोआप ‘तू इंजेक्शन घे, मी राउंड घेते’ होतं. कागदावर पेशंटनुसार, प्रत्यक्षात कामानुसार. यावर कोणी काही केलं असेल तर सांगा.

हिंजवडी_ते_वाकड

मी सॉफ्टवेअर टेस्टर. पगार बरा, खुर्ची बरी, एसी आहे, त्यामुळे इथे तक्रार करायला संकोच वाटतो. पण प्रश्न खरा आहे. मला तिकीट, म्हणजे तपासायच्या एका कामाची नोंद, येतं, मी ते तपासतो, दोष असेल तर लिहितो, तिकीट बंद होतं. ते सॉफ्टवेअर कोण वापरतं हे मला माहीत नाही. मी पकडलेल्या दोषामुळे कोणाचं काय वाचलं हेही कळत नाही. वर्षाच्या शेवटी मूल्यमापन होतं ते बंद केलेल्या तिकिटांच्या संख्येवर. सगळे म्हणतात सर्टिफिकेशन कर, उत्साह येईल. येत नाही.

वारणाकाठ

@हिंजवडी_ते_वाकड, संकोच करू नका, तुमचा प्रश्न या विषयाच्या मध्यावरचा आहे. हॅकमन आणि ओल्डहॅम यांनी सत्तरच्या दशकात याचीच मांडणी केली. कामात वेगवेगळी कौशल्यं लागतात का, एखादी पूर्ण गोष्ट आपल्या हातून होते का, तिचं दुसऱ्याच्या आयुष्यात महत्त्व आहे का, कसं करायचं हे ठरवायची मोकळीक आहे का, आणि परिणाम कळतो का, असे पाच पैलू. त्यांचं सूत्र बघण्यासारखं आहे. पहिल्या तिघांची सरासरी काढायची आणि तिला मोकळीक व परिणाम कळणं या दोहोंनी गुणायचं. बेरीज नाही, गुणाकार. म्हणजे मोकळीक किंवा परिणामाची जाणीव शून्याजवळ गेली तर बाकी कितीही चांगलं असो, सगळं खाली येतं. तुम्ही सर्टिफिकेशन केलंत तर कौशल्यांची विविधता थोडी वाढेल. तुमची तूट परिणाम कळण्यात आहे. ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सपोर्टच्या माणसांसोबत आठवड्याला एखादी बैठक मिळवून बघा, आणि एखादा पूर्ण भाग तपासणीच्या आखणीपासून तुमच्याकडे मागा.

@रात्रपाळी ताई, रात्रीच्या दोघींचं वेगळं विश्लेषण व्हायला हवं. दिवसाच्या मांडणीची छोटी प्रत करून ते सुटणार नाही. रात्री नेमकं काय अटळ आहे आणि काय केवळ सवयीने रात्रीकडे ढकललं गेलं आहे, हे तुम्ही दोघींनी आठवडाभर टिपून ठेवलंत तर इन्चार्जांशी बोलायला हातात काहीतरी राहील.

रात्रपाळी

सवयीने ढकललेलं बरंच आहे. स्टॉकची मोजणी, फॉर्मवर रेघा मारणं, दुसऱ्या दिवशीच्या फाइली लावणं. टिपून ठेवते.

पांढरी_काठी

मी दृष्टिहीन आहे, बँकेत नोकरी करतो. जॉब अॅनालिसिसचा एक उपयोग इथे कोणी लिहिला नाही म्हणून लिहितो.

दिव्यांगांसाठी सरकारी पदं निश्चित करताना केंद्राच्या यादीत प्रत्येक पदापुढे त्या कामाला काय लागतं याच्या खुणा असतात. बसणं, उभं राहणं, चालणं, वाकणं, बघणं, ऐकणं, वाचणं-लिहिणं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पदांची अशी निश्चिती कलम ३३ मध्ये आणि ४ टक्के आरक्षण कलम ३४ मध्ये आहे. म्हणजे ‘या कामाला बघणं लागतं’ असं कोणी खुर्चीत बसून लिहिलं की माझ्यासाठी दार बंद. पण कामाला लागते ती माहिती. ती डोळ्यांनी घ्यायची की स्क्रीन रीडरने ऐकायची, ही तिथवर पोचण्याची एक वाट झाली. ज्याने मला काम करताना बघितलंच नाही तो या दोन गोष्टी वेगळ्या करू शकत नाही. पदनिश्चितीच्या वेळी ते काम आज प्रत्यक्ष करणारा दिव्यांग कर्मचारी खोलीत असावा, एवढं तरी व्हावं.

गटप्रवर्तक_ताई

आशांची गटप्रवर्तक आहे, डोंगरी तालुका. सगळ्यांचं वाचलं. आमचं दुखणं तुमच्यापेक्षा वेगळं आहे. आमच्याकडे कामाची वाटणी चुकलेली नाही, काम नुसतं साचत गेलं आहे.

२००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हा हजार लोकवस्तीमागे एक आशा असं ठरलं. गरोदर बाई, बाळंतपण, लसीकरण. पुढे नवजात बाळाच्या घरभेटी आल्या, दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा, घरी झालं तर सात. मग क्षयरोग, कुष्ठरोगाची शोधमोहीम. मग तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा बीपी-शुगरच्या जोखमीचा फॉर्म. मग कोरोनाचा सर्व्हे. मग मोबाइलवर नोंद, आणि रजिस्टरही तसंच चालू. प्रत्येक काम चांगलंच आहे, कुठलंही नको असं मी म्हणणार नाही. पण नवं काम येताना जुनं काढलं असं मी एकदाही पाहिलं नाही. आशा ही स्वयंसेविका, म्हणून तिचे बरेचसे पैसे कामागणिक. एका वाडीतून दुसऱ्या वाडीत चालत जायला जो वेळ लागतो तो कुठल्याच रकान्यात नाही. पावसात ओढा भरला तर ती वाट दुप्पट होते.

वारणाताई, तुम्ही कारखान्यात जे करता ते आमच्याकडे कसं करायचं? आशांना काम वाढवून नको, पण कमी करा म्हणायची सोयही नाही. वरून विचारलं जातं ते फक्त ‘किती झालं?’

वारणाकाठ

ताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. आशेच्या कामाची मांडणी दिल्ली-मुंबईत ठरते, मी कारखान्याच्या मालकाशी बोलते तसं तिथे बोलता येत नाही. पण गटप्रवर्तकाच्या हातात येण्यासारखं थोडं आहे.

सगळ्या नोंदवह्या एका सतरंजीवर मांडा. तालुक्यातल्या चार-पाच अनुभवी आशांना बोलवा, आणि ज्यांच्याकडे ही माहिती वर जाते त्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एएनएम (आरोग्यसेविका) आणि डेटा ऑपरेटरलाही. प्रत्येक रकान्यापुढे एकच विचारायचं: हा कोण वाचतं आणि वाचून काय करतं? जी माहिती मोबाइलमध्ये आहे आणि वहीतही आहे, ती वेगळ्या रंगाने खुणावा. ज्या रकान्याला वाचणारा सापडत नाही, तो तिसऱ्या रंगाने. दुसरीकडे दोन आशांसोबत, एक सपाटीच्या गावातली आणि एक वाड्यांची, दिवसभर चाला आणि काम, चालणं, वाट बघणं, लिहिणं यांच्या वेळा वेगवेगळ्या टिपा.

हे झालं की तालुका आरोग्य अधिकाऱ्यांपुढे ठेवायला तुमच्याकडे तक्रार नसेल, तक्ता असेल. त्यांच्या अधिकारात दुहेरी नोंदी आणि स्थानिक पातळीवर निघालेली जादा रजिस्टरं थांबवणं येऊ शकतं, तेवढंच आधी मागा. चालण्याचा वेळ हा मोबदल्याचा प्रश्न आहे, तो संघटनेमार्फत वर न्यावा लागेल, आणि तिथे तुमच्या त्या वेळांच्या नोंदीच कामी येतील.

तक्त्याचा नमुना मी रविवारपर्यंत इथेच टाकते. @मापपट्टी, वेळ टिपायचा सोपा फॉर्म तुम्ही करून द्याल का? डोंगरात चालताना भरता येईल असा, कमीत कमी लिहायचं.

मापपट्टी

देतो. एका पानात, खुणा करण्यापुरता. ताई, वाडीतलं अंतर किलोमीटरमध्ये नको, मिनिटांत घेऊ. जाताना चढ आणि येताना उतार असेल तर दोन्ही वेगवेगळे.

गटप्रवर्तक_ताई

पावसाळ्याचा आणि उन्हाळ्याचा रकानाही वेगळा ठेवा. सतरंजीवर वह्या मांडायचं मंगळवारच्या बैठकीतच करते.